‘जरी’ घेतलंत, तर ‘तरी’ सोडा

दिंडोरीकडचे एक द्राक्ष बागायतदार माझ्या संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला येतात. वर्ग म्हणजे नाशिकच्या गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीतल्या घराची पुढची खोली, दहा-बारा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक पांढरा फळा. येणारी सगळी मोठी माणसं. कुणी अंबडच्या कारखान्यात सुपरवायझर, कुणी परदेशी नोकरीच्या तयारीतली नर्स, कुणी मुलाचा गृहपाठ घेता यावा म्हणून आलेली आई. तर हे बागायतदार एका फेब्रुवारीत, अवकाळी पाऊस होऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मोबाइल पुढे करत म्हणाले, "मॅडम, जरा बघता का? पाठवायच्या आधी म्हटलं दाखवून घ्यावं." हॉलंडच्या खरेदीदाराला लिहिलेला निरोप होता: "ऑल्दो द रेन केम, बट द ग्रेप्स आर सेफ."

शब्द एकूण एक बरोबर, स्पेलिंगं बरोबर, तरी वाचताना दाताखाली खडा यावा तसं होतं.

"यात चुकलं काय?"

"एक शब्द जास्त झाला, भाऊ. ‘जरी’ घेतलंत ना, मग ‘तरी’ सोडा. नाहीतर ‘तरी’ ठेवा आणि ‘जरी’ काढा."

"पण मराठीत तर दोन्ही लागतात!"

लागतात. आणि कन्जंक्शनच्या बाबतीत आपण मराठी माणसं जिथे जिथे अडखळतो, त्यातल्या निम्म्या जागा या एका वाक्यात आल्या. अँड, बट, बिकॉज, ऑल्दो यांचे अर्थ आपल्याला पाचवी-सहावीपासून पाठ असतात. अडचण अर्थाची नसतेच. दोन वाक्यांचा सांधा मराठी एका जागी बसवते आणि इंग्रजी दुसऱ्या जागी. ती जागा कुणी दाखवत नाही, यादी मात्र सगळे पाठ करून घेतात.

नावापासून सुरुवात करू. कन्जंक्शन म्हणजे जोडणारा शब्द. मराठी व्याकरणात त्याला उभयान्वयी अव्यय म्हणतात. शाळेत हा शब्द ऐकूनच पोटात गोळा यायचा, पण फोडला की साधा आहे: उभय म्हणजे दोन्ही, अन्वय म्हणजे संबंध, आणि अव्यय म्हणजे लिंग-वचनाप्रमाणे न बदलणारा. दोन्हीकडे संबंध ठेवून स्वतः जसाच्या तसा राहणारा. (सुनेनं घरात कसं वागावं याचं जुन्या बायका असंच वर्णन करायच्या, असं वर्गातली एक आई म्हणाली आणि पाच मिनिटं व्याकरण बाजूला राहिलं.)

शब्दांच्या आठ जाती ही आपली मूळची मांडणी नाही. यास्काच्या निरुक्तात, म्हणजे शब्दांचा अर्थ उलगडणाऱ्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, चारच प्रकार येतात: नाम, आख्यात (म्हणजे क्रियापद), उपसर्ग आणि निपात. ‘च’, ‘वा’ असले जोडणारे चिमुकले शब्द निपातांत मोडायचे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं, आणि त्या काळापासून आपल्या शालेय व्याकरणाला इंग्रजी व्याकरणाचं वळण लागत गेलं. त्यामुळे दोन्ही भाषांतल्या जातींची नावं एकमेकांसमोर चपखल बसतात आणि वाटतं की कामही सारखंच असेल. तिथेच फसतो.

आता काम बघू. नाशिकरोड स्टेशनवर उभे आहात असं समजा. वाक्य दोन प्रकारचं असतं, इंजिनासारखं किंवा डब्यासारखं. "इट रेन्ड" हे इंजिन, स्वतःच्या जोरावर चालतं. "बिकॉज इट रेन्ड" हा डबा. त्याला पुढे कुणीतरी ओढणारं पाहिजे, नाहीतर तो यार्डात उभाच. अँड, बट, ऑर, सो, नॉर, येट आणि कारण सांगणारा जुन्या वळणाचा फॉर, हे सात शब्द इंजिनाला इंजिन जोडतात. यांना कोऑर्डिनेटिंग म्हणतात, आपल्याकडे प्रधानत्वबोधक. बिकॉज, ऑल्दो, इफ, अनलेस, अन्टिल, व्हेन, व्हाइल, सिन्स, दॅट वगैरे मंडळी ज्या वाक्याला चिकटतात त्याचा डबा करून टाकतात. ती सबॉर्डिनेटिंग, म्हणजे गौणत्वबोधक.

बागायतदारांचं वाक्य या नजरेनं बघा. "ऑल्दो" लावल्याबरोबर "द रेन केम" चा डबा झाला. त्याला ओढायला एक साधं इंजिन हवं होतं, "द ग्रेप्स आर सेफ". पण मध्ये "बट" घातला. बट तर इंजिनाला इंजिन जोडणारा! त्याला डावीकडे इंजिन हवं, आणि तिथे डबा उभा आहे. म्हणून एकतर "ऑल्दो इट रेन्ड, द ग्रेप्स आर सेफ" किंवा "इट रेन्ड, बट द ग्रेप्स आर सेफ". दोन्हींत सांधा एकच. (पाऊस "येतो" हे मराठी. इंग्रजीत "इट रेन्ड" जास्त सहज, ते मी जाता जाता बदलून टाकलं.)

कुणी म्हणेल, जुन्या पुस्तकांत "दो ही इज पुअर, येट ही इज ऑनेस्ट" असं असायचं, त्याचं काय? ते चालतं. तिथे येट किंवा स्टिल हा ‘तरीही’ असा नुसता जोर देणारा शब्द असतो, जोडकाम ‘दो’ नेच केलेलं असतं. आज तसं लिहिलं तर थोडं धोतर-कोटातलं वाटेल, इतकंच. बट मात्र तिथे चालत नाही.

‘जरी-तरी’ सारखीच दुसरी जोडी ‘म्हणून’ ची. रजेचा अर्ज आठवा. आपण सगळ्यांनी तो लिहिला आहे: "अ‍ॅज आय वॉज सफरिंग फ्रॉम फीवर, सो आय कुड नॉट अटेंड द स्कूल." पिढ्यान् पिढ्या ताप येतोय आणि पिढ्यान् पिढ्या त्या ‘अ‍ॅज’ च्या जोडीला ‘सो’ येतोय. मराठीत "ताप होता म्हणून आलो नाही" असं म्हणताना ‘म्हणून’ दोन वाक्यांच्या बरोबर मधे बसतो, म्हणजे तो कारणाचा की परिणामाचा हे ठरवायची गरजच पडत नाही. इंग्रजीत पडते. अ‍ॅज, बिकॉज, सिन्स हे कारणाच्या बाजूला बसतात. सो परिणामाच्या बाजूला. कोणत्या तरी एकाच बाजूला शिक्का मारा. दोन्हीकडे मारलात तर वाचणारा म्हणतो, अहो कळलं एकदा.

मग इंग्रजीत जोड्या नसतातच का? असतात की. आयदर-ऑर, नायदर-नॉर, बोथ-अँड. पण त्यातल्या दोन्ही बाजू समान तोलाच्या असतात. "ना व्यापारी खूश, ना शेतकरी" हे लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात कांद्याच्या भावाबद्दल दर हंगामात ऐकू येणारं वाक्य घ्या. आपण दोनदा ‘ना’ म्हणतो, इंग्रजीही दोनदा म्हणते: "नायदर द ट्रेडर नॉर द फार्मर्स आर हॅपी." इथे आर का आणि इज का नाही? अशा जोडीत क्रियापद जवळच्या नामाचं ऐकतं, आणि जवळ फार्मर्स आहेत. उलटं लिहिलंत, "नायदर द फार्मर्स नॉर द ट्रेडर", तर इज. ‘अ‍ॅज वेल अ‍ॅज’ चं वेगळं: तिथे क्रियापद पहिल्याचं ऐकतं, मागून आलेला नुसता सोबतीला असतो.

‘इफ-देन’ ही जोडीही चालते, पण ‘देन’ बहुतेक वेळा गळतो.

आता नकारांकडे वळते, कारण यात भलेभले घसरतात. एक नर्स मुलाखतीच्या सरावात म्हणाली, "आय विल सिट विथ द पेशंट अन्टिल द डॉक्टर डझन्ट कम." ती मनात म्हणत होती, "जोपर्यंत डॉक्टर येत नाहीत तोपर्यंत." आपल्या बोलण्यात तो नकार अगदी रास्त आहे, कारण आपण मधला सगळा काळ बघतो, आणि त्या काळात डॉक्टर आलेले नसतात. इंग्रजी फक्त शेवटचा क्षण बघते, डॉक्टर येतात तो. म्हणून "अन्टिल द डॉक्टर कम्स". यावर माझा उपाय साधा आहे. मराठीत ‘जोपर्यंत-तोपर्यंत’ असं वाक्य मनात आलं की ते आधी ‘डॉक्टर येईपर्यंत’ असं करून घ्यायचं. नकार मराठीतच गळून पडतो, मग इंग्रजीत जायचं.

‘अनलेस’ चंही असंच. त्याच्या पोटात ‘नाही’ आधीच आहे. "अनलेस यू पे" म्हणजे "पैसे दिले नाहीत तर". त्यात पुन्हा डोन्ट घातला की दोन नकार मिळून होकार होतो, आणि पैसे दिलेल्या माणसाचीच वीज कापली जाते.

इफमध्ये काळाचा गुंता आहे, पण तो आपल्याला सोपा जायला हवा. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पंचवटीत सगळ्यांच्या तोंडी एकच चौकशी असते: नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. नाशिकचं पूर मोजायचं हे आपलं मापच आहे. आता "पाणी कमरेपर्यंत आलं तर दुकानं हलवावी लागतील" हे वाक्य नीट ऐका. पाणी उद्या येणार आहे, पण आपण ‘येईल तर’ म्हणत नाही, ‘आलं तर’ म्हणतो. पुढच्या काळातली गोष्ट आणि रूप भूतकाळाचं! याचं आपल्याला कधी नवल वाटत नाही. मग इंग्रजीनं तिथे वर्तमानकाळ वापरला तर का वाटावं? "इफ द वॉटर रीचेस हिज वेस्ट, वी विल हॅव टु मूव्ह द शॉप्स." ‘इफ’ च्या डब्यात ‘विल’ बसत नाही. तो इंजिनात बसतो. ‘व्हेन’, ‘अन्टिल’, ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’ यांनाही हाच नियम.

आणि मराठीच्या सवयीनं कुणी "इफ द वॉटर रीच्ड" असं भूतकाळी रूप घातलं, तर इंग्रज समजतो की हा नुसती कल्पना करतोय, येण्याची शक्यता कमी आहे. मग पुढेही ‘विल’ ऐवजी ‘वुड’ लागतो. "आलं असतं तर हलवावी लागली असती" हे झालं-गेलं पाणी, त्याला "इफ इट हॅड रीच्ड… वी वुड हॅव हॅड टु मूव्ह". मराठीतला ‘असता-असती’ जिथे येतो तिथे इंग्रजीत ‘हॅड’ आणि ‘वुड हॅव’ येणार, ही खूण लक्षात राहते.

मघाशी मी "पाणी सोडलं की" असं लिहून गेले. हा ‘की’ मराठीतला फार उद्योगी शब्द आहे. "चहा घेणार की कॉफी?" इथे तो ‘ऑर’. "तो म्हणाला की उद्या येतो" इथे ‘दॅट’. "पाणी सोडलं की नदी चढते" इथे ‘व्हेन’ किंवा ‘अ‍ॅज सून अ‍ॅज’. आणि "आहे की!" यात तो काहीच जोडत नाही, नुसता ठसका. चार कामं करणारा एक गडी आपल्या घरात आहे. इंग्रजीत प्रत्येक कामाला वेगळा माणूस बोलवावा लागतो. म्हणून भाषांतर करताना ‘की’ दिसला की थांबायचं आणि त्याला विचारायचं, बाबा रे, तू इथे काय करतोयस?

‘दॅट’ वाल्या ‘की’ मुळे एक चूक तर घरोघरी होते. "त्यानं विचारलं की तू कुठे राहतोस" याचं "ही आस्क्ड मी दॅट व्हेअर डू यू लिव्ह" होतं. ‘व्हेअर’ स्वतःच जोडायचं काम करतो, मग ‘दॅट’ कशाला? शिवाय आपण मराठीत समोरच्याचे शब्द जसेच्या तसे ठेवतो, ‘तू’ सुद्धा. इंग्रजी ते आपल्या नजरेतून फिरवून घेते: "ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ह्ड." प्रश्नाचा क्रमही मोडतो, ‘डू’ जातो. आणि "ही सेड दॅट" मधला ‘दॅट’ तर बोलताना बरेचदा गाळलाच जातो.

‘पण’ चीही अशीच गंमत. "मी पण येतो" यातला पण ‘बट’ नव्हे, ‘टू’ किंवा ‘ऑल्सो’. एका चौथीतल्या मुलानं वहीत "आय बट कम" असं लिहिलेलं मी पाहिलंय. हसू येतं, पण पोरानं शब्दकोशाप्रमाणे काहीच चुकवलेलं नव्हतं. उलट इंग्रजी ‘बट’ चंही एक दुसरं रूप आहे जे आपल्याला चकवतं: "एव्हरीवन बट हिम" म्हणजे त्याच्याखेरीज सगळे. खरं तर हाच बटचा जुना अर्थ. जुन्या इंग्रजीत तो ‘बाहेर, वगळून’ असा शब्द होता, आणि त्यातून ‘परंतु’ नंतर निघाला. ‘बिकॉज’ ही उघडून बघितला तर ‘बाय कॉज’, म्हणजे चक्क ‘कारणाने’. आपला ‘कारण’ आणि त्यांचा ‘बिकॉज’ एकाच वाटेनं आले.

बिकॉजवरून आठवलं. "बिकॉज" नंतर पूर्ण वाक्य हवं, क्रियापदासकट. "बिकॉज ऑफ" नंतर नुसतं नाम. "बिकॉज इट रेन्ड", पण "बिकॉज ऑफ द रेन". ऑल्दो आणि डिस्पाइटमध्येही हाच फरक. मराठीत "पाऊस पडल्यामुळे" आणि "पावसामुळे" दोन्हीकडे एकच ‘मुळे’ चालतो, त्यामुळे आपल्याला हा भेद दिसत नाही. पुढे क्रियापद आहे का, एवढंच शोधायचं. आणि ‘डिस्पाइट ऑफ’ असं काही नसतं. ‘इन स्पाइट ऑफ’ असतं.

मराठी सांधे दिसत का नाहीत, याचं मोठं कारण ‘ऊन’ आहे. "घरी जाऊन, जेवून, पोरांना घेऊन निघालो." तीन कामं आणि एकही उभयान्वयी नाही. सगळे सांधे क्रियापदाच्या शेपटीत लपलेले. ‘आल्यावर’, ‘असताना’, ‘येईपर्यंत’, ‘पडल्यामुळे’ हेही त्यातलेच. इंग्रजीत ते बाहेर काढून दाखवावे लागतात: "आय वेंट होम, एट, पिक्ड अप द किड्स अँड लेफ्ट." मराठी माणसाचं इंग्रजी तुटक वाटतं ते पुष्कळदा याच कारणानं. शेपटीतला सांधा भाषांतरात गळतो आणि मागे सुटी सुटी वाक्यं उरतात. बाकी काही नाही जमलं तरी ही एक गोष्ट वर्गात सगळ्यांकडून महिनाभर करून घेते: दिवसभरात केलेली कामं ‘ऊन’ लावून मराठीत सांगा, मग इंग्रजीत सांधे बाहेर काढा.

दहावीवाल्यांसाठी ‘नो सूनर’ बद्दल दोन शब्द, कारण त्याशिवाय पालक मला सोडणार नाहीत. "अ‍ॅज सून अ‍ॅज वी रीच्ड द प्लॅटफॉर्म, द पंचवटी लेफ्ट" हे वाक्य ‘नो सूनर’ वापरून लिहा, असा प्रश्न असतो. उत्तर: "नो सूनर डिड वी रीच द प्लॅटफॉर्म दॅन द पंचवटी लेफ्ट." ‘व्हेन’ नाही, ‘दॅन’, कारण सूनर हे तुलनेचं रूप आहे, टॉलर-दॅन, बिगर-दॅन तसं सूनर-दॅन. ‘हार्डली’ मध्ये तुलना नाही, म्हणून त्याच्याबरोबर ‘व्हेन’. आणि नकार सुरुवातीला आला की क्रियापद उलटं फिरतं, म्हणून ‘डिड वी रीच’. पंचवटी एक्सप्रेस चुकलेला माणूस फलाटावर असं बोलणार नाही हे मला मान्य आहे. तो काय बोलेल ते पुढच्या विषयात येतं.

त्याआधी स्वल्पविराम. नियम थोडके आहेत. डबा पुढे आणि इंजिन मागे असेल तर मधे स्वल्पविराम: "इफ इट रेन्स, कॉल मी." इंजिन पुढे असेल तर सहसा नको: "कॉल मी इफ इट रेन्स." दोन इंजिनं बट-सो-अँडनं जोडली तर त्या शब्दाच्या आधी. आणि ‘हाउएव्हर’ हा कन्जंक्शन नाहीच, तो दोन वाक्यांना जोडू शकत नाही. त्याच्याआधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या.

इतक्याशा चिन्हाचं काय एवढं, असं वाटत असेल तर अमेरिकेतल्या मेन राज्यातला एक खटला सांगते, द्राक्षांच्या पॅकहाउसमधल्या माणसांना तो विशेष पटतो. तिथल्या कायद्यात कोणत्या कामाला जादा तासांचा पगार मिळणार नाही याची यादी होती: शेतमाल, मांस-मासळी आणि नाशवंत अन्न यांवरची प्रक्रिया, साठवण वगैरे, आणि शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन". ऑरच्या आधी स्वल्पविराम नव्हता. एका डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, यात वगळलेलं काम ‘पॅकिंग’ आहे, पाठवणीसाठीचं असो वा वितरणासाठीचं. आम्ही पॅकिंग करत नाही, आम्ही नुसतं वितरण करतो, तेव्हा आमचा जादा पगार द्या. डेअरी म्हणाली, वितरण हे यादीतलं स्वतंत्र काम आहे. २०१७ मध्ये अपील न्यायालयानं कौल ड्रायव्हरांच्या बाजूनं दिला, आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. एका ऑरच्या आधी एक टिंब-शेपटी नव्हती म्हणून.

आता इंटरजेक्शन, म्हणजे केवलप्रयोगी अव्यय. ओ, आह, वाव, आउच, ऊप्स, ‘हे’ असले उद्गार. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘मधेच फेकलेलं’. ग्रीक व्याकरणकारांनी याला स्वतंत्र जात मानलं नव्हतं. रोमनांनी ग्रीकांची आठाची यादी उचलली, पण लॅटिनमध्ये ‘द’ सारखं उपपदच नाही, मग एक जागा रिकामी झाली, आणि आठ भरायला त्यांनी उद्गारांना बसवलं. आपल्या वह्यांतल्या आठव्या जातीचा उगम असा आहे. उद्गाराचा वाक्याशी व्याकरणाचा काही संबंध नसतो. तो काढला तरी वाक्य तसंच राहतं. म्हणून आपलं ‘केवलप्रयोगी’ हे नाव मला फार आवडतं: नुसतं वापरायचं, बस्स.

पण नियम नाहीत म्हणून सोपं आहे असं समजू नका. शाळेत आपण "अलास! ही इज डेड" आणि "हुर्रा! वी हॅव वन द मॅच" शिकलो. आज कुणी मयताला जाऊन अलास म्हटलं तर लोक वळून बघतील. तिथे "ओ, आय अ‍ॅम सो सॉरी" म्हणतात, हळू आवाजात. सामना जिंकल्यावर "येस!" असं ओरडतात. हुर्रा गेल्या पिढ्यांत राहिला.

उद्गार हा मातृभाषेला सगळ्यात घट्ट चिकटलेला शब्द असतो. बोट दारात चेमटलं की आपण "आई गं!" म्हणतो, इंग्रज "आउच" किंवा "आव" म्हणतो, आईला बोलवत नाही. त्या नर्सला मी सांगितलं, तिकडचा पेशंट कळवळताना काय आवाज काढेल ते आधी कानात बसव, मग औषधांची नावं. शीः म्हणजे ‘यक’. अरेच्चा म्हणजे ‘ऊप्स’, पण आपली चूक असेल तरच. नवलाच्या अरेच्चाला ‘ओ!’ पुरतो. आपला "च्च च्च" बहुतेक वेळा कणवेचा असतो. इंग्रजीत तोच आवाज नापसंतीचा आहे, म्हणून कुणाचं दुःख ऐकताना सवयीनं च्च केलंत तर समोरच्याला वाटेल, हा मलाच दोष देतोय.

सगळ्यात मोठी पोकळी ‘अहो’ ची. अरे, अगं, अहो या तीन हाकांत आपण समोरचा पुरुष की बाई, लहान की मोठा, हे सगळं सांगून मोकळे होतो. इंग्रजी ‘हे’ मध्ये यातलं काही नाही, आणि मान तर नाहीच. म्हणून साहेबाला हाक मारताना "अहो सर" चं "हे सर" करू नका. तिथे "एक्सक्यूज मी, सर". ‘अहो’ ला इंग्रजीत सगळ्यात जवळचा शब्द मला तरी हाच सापडला आहे.

बोलताना मधे मधे पेरायचे शब्दही आहेत. आपले व्याकरणकार ‘बरं का’, ‘कळलं’, ‘जळलं मेलं’ अशांना पादपूरणार्थक म्हणतात. इंग्रजीतले ‘वेल’ आणि ‘यू नो’ त्याच जातकुळीचे. उत्तर सुचेपर्यंत "वेल…" म्हणून दोन क्षण मिळवता येतात. मुलाखतीत हे कामी येतं, फार केलं तर अंगाशी येतं.

लिहिताना भावना जोराची असेल तर उद्गारचिन्ह, हलकी असेल तर स्वल्पविराम: "आउच! दॅट हर्ट", पण "ओ, आय सी". परीक्षेत उद्गारवाचक वाक्य साधं करायला सांगतात तेव्हा "हाउ वाइड द गोदावरी इज!" याचं "द गोदावरी इज व्हेरी वाइड" होतं. उद्गार गेला आणि त्याचा सगळा भार त्या व्हेरीवर पडला. कामाच्या पत्रात मात्र उद्गारचिन्ह जपून.

बागायतदारांनी त्या दिवशी दुरुस्त केलेला निरोप पाठवला, बटशिवाय. दुसऱ्या दिवशी वर्गाला आले तेव्हा चेहरा उतरलेला. म्हणाले, "मॅडम, त्याचा फोन आला होता. आपला माल चांगला आहे असं मी सांगितलं, तर म्हणतो, फ्यू. फ्यू म्हणजे थोडाच ना? त्याला काय वाटलं, थोडाच माल उरलाय?"

"त्याच्यापुढे काय म्हणाला?"

"दॅट्स गुड न्यूज, म्हणाला."

मी फळ्यावर देवनागरीत ‘हुश्श’ असं लिहिलं. ते दोन क्षण बघत राहिले आणि मग खुर्चीत मागे रेलत तेच म्हणाले.